पुन्हा बसवलेल्या फोर्कची कैफियत

मोटारसायकलीचा पुढचा फोर्क ऑइल सील बदलण्यासाठी, वाकलेला पाइप काढून नवा घालण्यासाठी किंवा केवळ हँडलच्या मानेतील कोनसेटमध्ये ग्रीस भरण्यासाठी एकदा उतरवला, आणि मग सर्व भाग जिथल्या तिथे लावून, एकही नट उरलेला नाही अशी खातरजमा करून गाडी रस्त्यावर आणली, म्हणजे अनेकांना असा अनुभव येतो की, जो दोष घालवण्यासाठी हा सारा खटाटोप केला तो तर गेला, पण त्याच्या जागी पूर्वी कधीही नसलेला दुसराच एखादा दोष येऊन बसला. गाडीचे तोंड खड्ड्यात दबते, पण दबल्यावर पुरते वर येत नाही. बारीक खडी चाकाखाली आली तरी तिचा हादरा थेट मनगटांपर्यंत पोहोचतो. हँडल सरळ धरले असता चाक किंचित डावीकडे पाहते. ब्रेक दाबला की पुढून खट् असा आवाज येतो. किंवा नवे सील घालूनही आठवडाभरात पाइपवर तेलाचे कडे उमटते.

अशा तक्रारींचा निवाडा बहुधा घाईने होतो. तेल बदलले जाते, पुढच्या खेपेस ते अधिक जाड घातले जाते, धडधाकट स्प्रिंगा काढून नव्या आणल्या जातात, आणि तरीही गाडीच्या वागणुकीत फरक पडत नाही, कारण दोष ज्या ठिकाणी असतो तेथवर कोणाचा पाना पोहोचलेलाच नसतो. फोर्क उतरवण्यापूर्वी गाडी नीट चालत होती आणि बसवल्यानंतर ती बिघडली, एवढा एकच पुरावा तपासाची दिशा दाखवण्यास पुरेसा आहे. मधल्या काळात सर्वांत अधिक जर काही बदलले असेल, तर ती भागांची परस्परांच्या संदर्भातील स्थिती होय, आणि म्हणून तपासाचा आरंभ तिच्यापासूनच झाला पाहिजे. फोर्कचे दोन पाय परस्परांना समांतर, सारख्या उंचीवर आणि कसल्याही ताणाविना उभे आहेत किंवा नाहीत, हे पाहिल्यावाचून तेलाच्या डब्याला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते असे का, हे समजून घेण्यासाठी या यंत्राच्या रचनेकडे थोडे वळणे आवश्यक आहे.

पुढच्या चाकावर दोन कामांची जबाबदारी एकाच वेळी असते. रस्त्याच्या प्रत्येक चढउताराबरोबर त्याने खालीवर व्हावे अशी अपेक्षा असते, आणि त्याच वेळी हँडलने दाखवलेल्या दिशेपासून त्याने तिळभरही ढळू नये अशीही अपेक्षा असते. ही दोन्ही कामे ज्या फोर्ककडून होतात त्याच्या प्रत्येक पायात वर एक गुळगुळीत क्रोम चढवलेला पोलादी पाइप असतो. त्याच्यावरून सरकणारा, खाली चाकाच्या एक्सलला धरून ठेवणारा ॲल्युमिनियमचा भाग असतो, त्याला गॅरेजमध्ये बॉटम म्हणतात. आत स्प्रिंग, तेल आणि बारीक छिद्रे पाडलेला सीट पाइप असतो. स्प्रिंग धक्का झेलते. पण नुसती स्प्रिंग असती तर एका खड्ड्यानंतर गाडी कितीतरी वेळ डुलत राहिली असती, म्हणून त्या छिद्रांतून तेलाला वाट काढावी लागते आणि त्या अडथळ्यात झोक्याचा जोर जिरून जातो. दोन्ही पाइप वर दोन आडव्या पकडींत, म्हणजे वरच्या आणि खालच्या टीमध्ये, आवळलेले असतात; खाली एक्सल दोन्ही बॉटमांना जोडतो; आणि मध्ये मडगार्ड किंवा त्याची लोखंडी कमान त्यांना आणखी एकदा बांधते.

ही रचना आज इतकी सार्वत्रिक झाली आहे की मोटारसायकलीला दुसऱ्या प्रकारचा फोर्क होता हेच अनेकांना ठाऊक नसते. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत अनेक गाड्यांना सांध्यांवर हलणारा, पट्ट्या आणि दांड्यांचा गर्डर फोर्क असे. इंग्लंडमधील आल्फ्रेड अँगस स्कॉट याने १९०८ च्या सुमारास आपल्या गाड्यांना एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा फोर्क लावला होता, पण त्यात तेलाचा दाब वापरलेला नव्हता. तेलाने झोका जिरवणारा असा फोर्क नियमित उत्पादनाच्या गाडीवर आणण्याचा मान १९३५ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कारखान्याच्या आर १२ आणि आर १७ या गाड्यांकडे जातो. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, ब्रिटिश फौजेसाठी बनवलेल्या मॅचलेस जी३/एल या गाडीला 'टेलिड्रॉलिक' नावाने तसाच फोर्क मिळाला आणि युद्धानंतर जवळजवळ सगळ्या कारखान्यांनी तो मार्ग धरला. १९५५ साली इंग्लंडच्या रॉयल एनफील्डने मद्रास मोटर्सशी भागीदारी करून हिंदुस्थानात ज्या बुलेटचे बस्तान बसवले तिलाही हाच फोर्क होता. पुढे हिरो होंडा, यामाहा, बजाज यांच्या गाड्या त्याच्याच आधारावर घरोघरी पोहोचल्या. आणि चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या केटीएम ड्यूकच्या फोर्कमध्ये जाड नळी वर आणि बारीक नळी खाली अशी उलट मांडणी असली, तरी दोन नळ्या परस्परांत सरकतात हे तत्त्व तेथेही तेच राहिले आहे.

या तत्त्वाचा जसा लाभ आहे तसाच त्याचा एक कडक नियमही आहे. फोर्क जमिनीला काटकोनात उभा नसतो. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत तो उभ्या रेषेपासून सुमारे २४ ते २८ अंशांनी मागे कललेला असतो. त्यामुळे चाकावर येणारा प्रत्येक भार पाइपच्या लांबीच्या दिशेने सरळ जात नाही. त्याचा काही अंश पाइपला वाकवू पाहतो आणि बॉटमच्या आतील बुश एका अंगाने पाइपवर घासतो. हे घर्षण रचनेतच आहे, ते पुरते टाळता येत नाही. पाइप आणि बुश यांच्यातील मोकळी जागा तर मिलिमीटरच्या थोड्याशा शतांशांइतकीच असते. अशा स्थितीत एक पाय दुसऱ्याच्या मानाने किंचित आत ओढला गेला, पुढे गेला किंवा पिळला गेला, तर मुळातल्या घर्षणात जोडणीच्या चुकीची भर पडते आणि पाय सरकण्याऐवजी अडखळू लागतो. एकाच जुवाला जुंपलेल्या बैलांपैकी एक जरी आडवा ओढू लागला तरी गाडा अडतो, तसे हे दोन पाय परस्परांच्या चालीला बांधलेले आहेत.

म्हणून पहिली तपासणी उंचीची. बऱ्याच गाड्यांत पाइप खालून दोन्ही टींमधून वर सरकवतात आणि त्यांचे टोक वरच्या टीशी सपाट राहावे किंवा ठरावीक मिलिमीटर वर दिसावे असा कारखान्याचा दंडक असतो. डावा पाइप दोन मिलिमीटर वर आणि उजवा तेवढाच खाली राहिला, तर ते नजरेस सहज येत नाही, पण एक्सल तिरका होतो आणि त्याचा ताण दोन्ही बॉटमांना सोसावा लागतो. तेव्हा येथे नजरेवर विसंबू नये, व्हर्नियर लावून दोन्ही बाजूंचे माप घ्यावे. काही लहान गाड्यांत वरची टी पाइपच्या डोक्यावरील बोल्टनेच धरलेली असते आणि पाइप तिला खालून टेकलेला असतो. अशा गाड्यांत उंचीचा प्रश्न आपोआप सुटतो, मात्र पाइप पुरता टेकला आहे हे पाहावे लागते. गाडी चपळ व्हावी म्हणून पाइप मुद्दाम वर काढून गाडीचे तोंड खाली आणण्याची आवड अलीकडे तरुणांत दिसते. त्याने फोर्कचा कल कमी होतो, हँडल हलके होते हे खरे. पण त्याच प्रमाणात सरळ धावण्याचे स्थैर्य कमी होते आणि मडगार्ड व टी यांच्यातील मोकळी जागाही घटते. भरल्या गाडीने घाट उतरणाऱ्या माणसाने हा सौदा करू नये.

आवळण्याचा क्रमही असाच महत्त्वाचा आहे. पाइप योग्य उंचीवर आणून आधी खालच्या टीचे बोल्ट आवळावेत. मग पाइपच्या टोकावरील झाकणाचा बोल्ट घट्ट करावा, कारण वरची टी आधी आवळली तर ती पाइपचे तोंड दाबते आणि झाकणाचे आटे जड चालतात. आणि त्यानंतर वरच्या टीचे बोल्ट आवळावेत. आकडे गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावेत आणि टॉर्क रेंच वापरावा. टीचे बोल्ट जास्त आवळल्याने फोर्क अधिक सुरक्षित होतो ही समजूत घातक आहे; अतिरिक्त जोराने पाइपचा गोल आकार बिघडू शकतो आणि ॲल्युमिनियमच्या टीचे आटे निघून येतात.

यानंतर एक्सल. हाच साऱ्या कामाचा मर्मभाग होय, आणि येथेच सर्वाधिक घाई केली जाते. एक्सलला ग्रीसचा हलका हात लावून तो एका बॉटममधून आत सारला, की चाक आणि स्पेसर यांच्यातून जाऊन त्याने दुसऱ्या बॉटममध्ये हाताच्या जोरानेच शिरले पाहिजे. तेथे हातोडी घ्यावीशी वाटली, तर समजावे की काहीतरी रेषेत नाही. हातोडीने एक्सल जाईल, पण तो ज्या ताणात बसेल तो ताण पुढे प्रत्येक खड्ड्यात फोर्क सोसत राहील. स्पेसर डावी-उजवीकडे बदलले गेले किंवा एखादा राहून गेला, तर एक्सलचा नट आवळताना दोन्ही बॉटम आतल्या बाजूला ओढले जातात. गाडी ढकलून पाहिली तर सर्व ठीक वाटते, पण फोर्कचे पाय, म्हणजे बोलीतले शॉकअब्जॉर्बर, निम्म्यापर्यंत दबले की तेथेच चिकटतात. म्हणून उतरवलेले स्पेसर कोणत्या बाजूचे होते याची नोंद उतरवतानाच ठेवावी.

ज्या गाड्यांत एका बॉटमला एक्सलभोवती आवळणारा चिमट्यासारखा बोल्ट असतो, तेथे एक्सलचा मुख्य नट आवळला तरी तो बोल्ट सैलच ठेवावा. मग चाक जमिनीवर टेकवून, पुढचा ब्रेक धरून, दोन्ही हातांनी हँडल खाली दाबून शॉकअब्जॉर्बर चार-सहा वेळा पुरते खालीवर करावेत. या वेळी चाकाशेजारी बसून त्या सैल बॉटमकडे कोणी निरखून पाहिले, तर एक सूक्ष्म पण फार उद्बोधक गोष्ट दृष्टीस पडते. पहिल्या एक-दोन दाबांत बॉटम एक्सलवरून किंचित बाहेर किंवा आत सरकतो. ग्रीसचा पातळ थर पुसला जाऊन तेथे अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची चकचकीत कडा उघडी पडते. पुढच्या दाबांत ती वाढत नाही, आणि बॉटम त्याच जागी स्थिर राहतो. पायाने स्वतःची जागा शोधली ती ही. आता तो बोल्ट आवळावा. हे न करता सर्व बोल्ट एकदम आवळले असते, तर तेवढेच अंतर बॉटमला कायमचे वाकडे धरून ठेवण्यास पुरेसे झाले असते. मडगार्डचे बोल्टही याच कारणासाठी शेवटी घट्ट करावेत. अपघातात किंचित दबलेली मडगार्डची कमान जोर लावून बसवली तर तीच दोन पायांना आत खेचते, आणि दोषाचा शोध मात्र तेल, सील व स्प्रिंग यांच्यात चालू राहतो.

गाडी पडलेली असेल, तर टी स्वतःच पिळलेल्या असण्याचा संभव असतो. याची परीक्षा सोपी आहे. जाड, सपाट काचेचा एक तुकडा दोन्ही पाइपांवर आडवा टेकवून त्याचे चारही कोपरे बोटाने दाबून पाहावेत; काच चारही ठिकाणी टेकली तर पाइप एका प्रतलात आहेत, आणि ती डुगडुगली तर एक पाइप दुसऱ्याच्या मानाने पुढे-मागे पिळला आहे. अशा वेळी मडगार्डचे, एक्सलचे आणि टीचे बोल्ट सैल करून, चाक गुडघ्यांत धरून हँडल उलट दिशेला झटकल्यावर बहुधा पिळा निघतो. हँडल सरळ आणि चाक वाकडे ही नेहमीची तक्रारही याच उपायाने दूर होते. पिळा निघाला नाही, तर टी किंवा पाइप वाकला आहे असे समजावे. पाइपचा बाक पाहण्यासाठी तो व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल गेज लावतात; गेजच्या एकूण फरकाचा निम्मा भाग हा खरा बाक होय, आणि अनेक जपानी मॅन्युअलांत त्याची मर्यादा ०.२ मिलिमीटर इतकी दिलेली असते. वाकलेला पाइप तापवून सरळ करून देण्याची हमी कोणी दिली, तरी ती स्वीकारू नये. तापवलेल्या पोलादाची मूळची ताकद राहत नाही, आणि हा पाइप ब्रेकच्या वेळी माणसाचा जीव तोलून धरतो.

जिवाचा विषय निघाला आहे तेव्हा ब्रेकविषयी येथेच सांगणे भाग आहे. ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत ब्रेकच्या झाकणावर एक खाच असते आणि बॉटमच्या आतील बाजूस तिच्यात बसणारा उंचवटा असतो. ब्रेक लागला की ते झाकण चाकाबरोबर फिरू पाहते आणि हा उंचवटाच त्याला धरून ठेवतो. चाक बसवताना खाच त्या उंचवट्यावर नीट बसली नाही, तर पहिल्याच जोरदार ब्रेकला झाकण फिरते, केबल गुंडाळली जाते आणि चाक जागच्या जागी जखडते. एक्सल आवळण्यापूर्वी हात घालून ही खाच चाचपावी. डिस्क ब्रेकच्या गाडीत कॅलिपर काढून परत लावला असेल, तर पॅड डिस्कपासून दूर गेलेले असतात. गाडी हलवण्याआधीच लिव्हर कडक होईपर्यंत अनेकदा दाबून पॅड जवळ आणावेत. स्पीडोमीटरच्या गिअरचे दात हबच्या खाचेत बसले आहेत हेही याच वेळी पाहावे, कारण ते न बसता एक्सल आवळला तर ते मोडतात.

हे सर्व यथास्थित असूनही शॉकअब्जॉर्बर कठीण किंवा मऊ वाटत असतील, तर तेलाकडे वळावे. फोर्कमधील तेल केवळ वंगण नसते. त्याच्या वरच्या पोकळीतील हवा ही दुसरी स्प्रिंगच असते, आणि तिचा कडकपणा तेलाची पातळी ठरवते. समजा, पाय पूर्ण उघडा असताना पाइपमध्ये तेलावर २४० मिलिमीटर उंचीची हवा आहे आणि पाय १२० मिलिमीटर दबला. ढोबळ हिशेबाने हवेचे आकारमान निम्मे झाले, म्हणजे तिचा दाब दुप्पट झाला. आता तेल जास्त भरल्यामुळे आरंभीची हवा २०० मिलिमीटरच राहिली असेल, तर तेवढ्याच दाबण्याने ती ८० मिलिमीटरवर येते आणि दाब अडीचपट होतो. बाहेरच्या हवेचा दाब वजा केला तर चाकाला जाणवणारा जास्तीचा जोर दीडपट झाला. वरच्या अर्ध्या चालीत गाडी ठीक वाटते आणि खालच्या अर्ध्यात एकदम कठीण होते, अशी जी तक्रार असते तिचे कारण हे; आणि तोच वाढलेला दाब सीलला बाहेर ढकलू पाहतो. उलट तेल कमी पडले तर ते हवेत घुसळून फेसाळते, छिद्रांतील अडथळा नाहीसा होतो आणि ब्रेक लावताच गाडीचे तोंड धाडकन खाली जाते.

तेलाचे माप दोन प्रकारचे असते, आणि त्यांची गल्लत ही नेहमीची चूक आहे. फोर्क पूर्ण उघडून, धुऊन, कोरडा करून भरला तर एक माप; नुसते जुने तेल ओतून नवे भरले तर दुसरे, थोडे कमी माप, कारण जुन्या तेलाचा काही अंश आतच चिकटून राहतो. म्हणून मिलिलिटरच्या मापावर न थांबता पातळी पाहणे अधिक विश्वसनीय असते: स्प्रिंग बाहेर काढून, पाय पूर्ण दाबून, पाइपच्या तोंडापासून तेलापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. मात्र त्याआधी पाइप अनेकदा सावकाश खालीवर करून सीट पाइपच्या छिद्रांत अडकलेली हवा निघू द्यावी, नाहीतर मोजलेली पातळी दुसऱ्याच दिवशी खाली बसते. दोन्ही पायांतील पातळी समान असणे हे तिच्या नेमक्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. जाड तेलाविषयी एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगतो: अडकणाऱ्या फोर्कवर तो इलाज नव्हे. जाड तेल हालचालीचा वेग कमी करते, घर्षण कमी करत नाही. त्यामुळे अडखळणारा पाय आणखी मंदपणे अडखळतो. शिवाय डब्यावर १०डब्ल्यू असे एकच लिहिलेले असूनही निरनिराळ्या कंपन्यांची तेले सारखी पातळ नसतात, तेव्हा दोन पायांत दोन डब्यांतील तेल घालणे टाळावे.

स्प्रिंगच्या बाबतीत फार लिहिण्याचे कारण नाही. तिचे वेटोळे एका टोकाला दाट असतील, तर ते टोक वर की खाली हे मॅन्युअल सांगते. दोन्ही पायांत दिशा एकच ठेवावी. सीट पाइपवर एक छोटी उलट-झटक्याची स्प्रिंग असते, ती जुळणीत राहून गेली तर चाक वर उचलले जाताच आतून धातूवर धातू आपटल्याचा आवाज येतो. बॉटमच्या तळाशी सीट पाइपला धरणारा ॲलन बोल्ट असतो. तो सैल राहिला किंवा त्याचे तांब्याचे वायसर जुनेच वापरले, तर तेथून तेल झिरपते आणि लोक सीलला दोष देतात.

नवे सील आठवड्यात गळू लागले तर त्याचे कारण बहुधा पाइपवर सापडते. कोकणातील खारट, दमट हवेत किंवा पावसाळ्यात महिनोन् महिने चिखलात चालणाऱ्या गाडीच्या पाइपवर क्रोमला गंजाचे बारीक खड्डे पडतात. पाइप पुसून त्यावरून नख सावकाश ओढले तर त्या खड्ड्यात ते अडकते. सीलची ओठासारखी पातळ कडा त्याच्यावरून दिवसाला हजारो वेळा जाते. बसवताना सीलची कडा कापली जाण्याचा धोकाही मोठा असतो, कारण पाइपच्या टोकाशी असलेली खाच धारदार असते; टोकावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून, तेल लावून त्यावरून सील घालावे आणि मग पिशवी काढावी. सील बॉटममध्ये चारही बाजूंनी सारखे बसले पाहिजे आणि त्यावरचे लॉक खाचेत पूर्णपणे शिरले पाहिजे. अगदी नव्या सीलची पकड पहिल्या काही दिवसांत थोडी जास्त असते; तेवढी जडता स्वाभाविक आहे.

राहिला कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतील बॉल आणि त्यांची रेस. फोर्क काढताना टीसुद्धा काढली असेल, तर तो पुन्हा जुळवावाच लागतो आणि येथे सैल व घट्ट यांच्यातील मर्यादा फार अरुंद असते. सैल राहिला तर ब्रेकच्या वेळी खट् असा आवाज येतो आणि अनेकदा तो शॉकअब्जॉर्बरचा समजला जातो. घट्ट झाला तर सावकाश जाताना गाडी सरळ रेषेत राहत नाही. ती जराशी एकीकडे, मग दुसरीकडे झुकते आणि चालवणारा सतत तिला सावरत राहतो. परीक्षेसाठी गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे. दोन्ही बॉटम हातांत धरून पुढे-मागे ओढावेत आणि मदतनीसाने खालची टी व फ्रेमची मान यांच्या सांध्यावर बोट ठेवावे. तेथे हालचाल जाणवली तर सैलपणा आहे. मग हँडल मध्यभागी आणून बोटाने किंचित एका बाजूस ढकलावे. ते स्वतःच्या वजनाने, न थांबता, लॉकपर्यंत गेले पाहिजे. मध्यातच ते एखाद्या खाचेत बसल्यासारखे थांबत असेल, तर रेसवर बॉलचे खड्डे पडले आहेत आणि कितीही जुळवणी केली तरी ते जाणार नाहीत. कोनसेट बदलणे भाग आहे. कोनसेट चांगला असूनही हँडल एकीकडून परत येत असेल, तर नव्याने बसवताना एखादी केबल किंवा वायरचा जुडगा ताणला गेला आहे काय ते पाहावे. जुळवणीचा नट खालच्या-वरच्या टीचे बोल्ट सैल असतानाच फिरवावा आणि शेवटचा मोठा नट आवळल्यावर तपासणी पुन्हा करावी, कारण त्या आवळण्याने बऱ्याचदा कोनसेट अधिक दाबला जातो.

आता फोर्क खरोखर सुटा झाला की नाही हे अंदाजाने न ठरवता मोजून ठरवता येते. पाइपवर डस्ट सील जेथे टेकते तेथून खालच्या टीपर्यंतचे अंतर घ्यावे. प्रथम गाडीचे तोंड हाताने वर उचलून हळू सोडावे आणि ती जेथे थांबेल तेथे माप घ्यावे. मग हँडल दाबून हळू वर येऊ द्यावे आणि पुन्हा माप घ्यावे. घर्षण अजिबात नसते, तर दोन्ही मापे एकच आली असती. जेवढा फरक येतो तेवढे घर्षण. हाच प्रयोग एक्सलचा व मडगार्डचा बोल्ट सैल करून पुन्हा केला आणि फरक स्पष्टपणे घटला, तर दोष जोडणीतच आहे याची रुजुवात झाली. पाइपभोवती एक प्लॅस्टिकची केबल टाय सैलसर बांधून फेरी मारून आले, तर शॉकअब्जॉर्बर रस्त्यावर कितपत दबले हेही तिच्या सरकलेल्या जागेवरून कळते. आजच्या रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० सारख्या गाडीच्या पुढच्या फोर्कला १३० मिलिमीटर चाल आहे. त्यातली नुसती पन्नास-साठच वापरली जात असेल आणि तरी हादरे मनगटात येत असतील, तर पाय अडकतो आहे किंवा तेल जास्त आहे.

पहिली फेरी ओळखीच्या, मोकळ्या रस्त्यावर, सावकाश घ्यावी. आधी हलके, मग जोराने ब्रेक लावून पाहावा. क्षणभर हँडलवरचा जोर कमी करून गाडी कोणत्या बाजूस ओढते याचा अंदाज घ्यावा, हात मात्र हँडलवरून काढू नयेत. परत आल्यावर पाइपवरचे तेल पुसून पाहावे. अगदी पातळ ओलसर थर असेल तर काळजी नको, बोटाला थेंब लागला तर सील किंवा पाइप पुन्हा पाहावा लागेल. नवा कोनसेट घातला असेल, तर रेस आपल्या जागी बसत जातात आणि शे-दोनशे किलोमीटरमध्ये किंचित सैलपणा येतो, म्हणून त्या सुमारास चाक उचलून ती पुढे-मागे ओढण्याची तपासणी एकदा पुन्हा करावी आणि त्याच बैठकीत एक्सल, मडगार्ड व दोन्ही टींचे बोल्ट टॉर्क रेंचने पाहून घ्यावेत.